विहिरीवरचं इंजिन : ठेवायचं की विकायचं?

जुनं यंत्र दुरुस्त करून ठेवावं की विकून मोकळं व्हावं, यावर घराघरांत वाद होतात. माझ्या मते हे वाद यंत्रावरून होतच नाहीत. ते होतात गावात राहिलेला भाऊ आणि नोकरीनिमित्त बाहेर पडलेला भाऊ यांच्यात. बाहेरच्याला गाव आपण सोडलं तसंच हवं असतं. गावातल्याला तिथे रोज जगायचं असतं. आम्हा फौजी लोकांच्या बाबतीत हे जरा जास्तच खरं आहे, कारण वर्षाला दोन महिने रजा आणि बाकी दहा महिने आठवणी, असाच आमचा संसार असतो.

यावर माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. ज्याला यंत्र ठेवायचं आहे त्याने त्याचा पैसाही द्यावा आणि हातही द्यावेत. ते जमत नसेल तर यंत्र अशा माणसाला विकावं जो ते चालवेल. असा माणूस मिळत नसेल तर सरळ वजनावर भंगारात घालावं आणि त्याची लाज वाटू देऊ नये. शोभेला मात्र ठेवू नये.

आता प्रकरण काय ते सांगतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, कमी पावसाचं. विहिरीच्या काठावर पत्र्याच्या खोपीत एक डिझेल इंजिन आहे. एका सिलेंडरचं, सहा हॉर्सपॉवरचं, दोन्ही बाजूंना दोन मोठी लोखंडी चाकं. पितळी पाटीवर 'लिस्टर, डर्सली, इंग्लंड' असं कोरलेलं. आजोबांनी ते एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीतून १९६६ मध्ये घेतलं. वीज आल्यावर ते राखीव झालं, भारनियमनाच्या वर्षांत पुन्हा कामाला लागलं, आणि गेली अकरा वर्षं ते बंद आहे. आता भावाने सौर पंप घ्यायचं ठरवलं आहे. खोपीची जागा त्याला ठिबकच्या फिल्टरसाठी आणि खताच्या टाकीसाठी हवी आहे. फोनवर तो म्हणाला, "दादा, तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. तू एकदा काय ते सांग, मी तसं करतो."

पहिलं गिऱ्हाईक भंगारवाला. त्याने किलोवर भाव सांगितला. दुसरा महामार्गालगत हॉटेल बांधणारा. त्याला ते घासून, काळा आणि लाल रंग देऊन दारात ठेवायचं आहे. त्याने सर्वांत जास्त पैसे सांगितले. तिसरा शेजारच्या तालुक्यातला एक छोटा गुऱ्हाळवाला. काकवी आणि बिनरसायनाचा गूळ करतो. त्याचा चरक लहान आहे, हंगामात वीज गेली की कढई तापलेली आणि रस नाही अशी पंचाईत होते. त्याला इंजिन चालवायला हवं आहे. त्याचा आकडा भंगारवाल्याच्या वर आणि हॉटेलवाल्याच्या बराच खाली.

चौथा पर्याय म्हणजे आपणच दुरुस्त करून ठेवणं. आमच्या नात्यातल्या बाहेर राहणाऱ्या सगळ्यांचा कौल अर्थातच याला आहे. पुण्याच्या आत्याचा, ठाण्याच्या चुलत भावांचा, सगळ्यांचा. व्हॉट्सअॅपवर आजोबांचे आणि इंजिनाचे फोटो फिरले. पैसे किंवा सुट्टी काढतो असं मात्र कोणी म्हणालं नाही.

निर्णय घेण्याआधी आपल्यापुढे नेमकं काय आहे ते नीट माहीत हवं. म्हणून थोडं या यंत्राबद्दल.

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या डर्सली गावात लिस्टर कंपनीने १९२९-३० च्या सुमारास हे 'सीएस' इंजिन काढलं. सीएस म्हणजे 'कोल्ड स्टार्टिंग'. त्याआधीची कितीतरी तेल इंजिनं सुरू करायची तर डोकं दिव्याच्या झोताने लाल होईपर्यंत तापवावं लागे. याला ते नको. हॅंडल मारायचं, वेग आला की व्हॉल्व्हची उचल सोडायची, इंजिन चालू. सहा हॉर्सपॉवरचं हे इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेतं. आजचे जनरेटर १५०० किंवा ३००० फेऱ्यांवर चालतात. चार स्ट्रोकचं असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदाच पेट घेतं, म्हणजे सेकंदाला साधारण पाच ठोके. गावाकडच्या माणसाला जो आवाज लांबूनही ओळखू येतो तो हाच. फेरे कमी, भाग जाड, वंगणाची सोयही साधी : खालच्या तेलात कनेक्टिंग रॉडची पळी बुडते आणि तेल उडवते. दीर्घायुष्याचं गुपित एवढंच आहे. डर्सलीत हे इंजिन १९८० च्या दशकापर्यंत बनत होतं.

आपल्याकडे राजकोटच्या कारखान्यांनी याच धर्तीवर इंजिनं बनवली, 'लिस्टर टाईप' आणि 'पीटर टाईप' या नावांनी ती देशभर गेली. त्यामुळे आजही लायनर, पिस्टन, रिंगा, नोझल, गॅस्केट मिळतात. काही भाग घासून बसवावे लागतात, पण मिळतात. जुनं यंत्र जगवायचं तर ही फार मोठी गोष्ट आहे.

आणि आम्हा सातारकरांना यात परकं काही वाटायचं कारण नाही. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. भारतातलं पहिलं डिझेल इंजिन तिथे १९३३ मध्ये बनलं असं मानलं जातं. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले, तेव्हा मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत. नांगर करणाऱ्या किर्लोस्करांनी १९४६ मध्ये खडकीला तेल इंजिनांची कंपनी काढली. आमचे बॉम्बे सॅपर्सही खडकीचेच, त्यामुळे फौजेतल्या मराठी माणसाला ते नाव दोन कारणांनी ओळखीचं.

या इंजिनाने काय केलं? त्याने मोट घालवली. चामड्याची मोट, नाडा, सोंदूर, धावेवरून खालीवर करणारी बैलजोडी आणि पहाटेपासून उभा असलेला मोटकरी, हे सगळं एका पट्ट्याने आणि एका पंपाने संपवलं. आमच्या घरात बागायत आली ती त्यानंतर. १९७२ च्या दुष्काळात विहिरीचं पाणी खाली गेलं तेव्हा इंजिनही खाली न्यावं लागलं. त्याचं कारण साधं आहे. काठावरचा पंप वरून पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या जोरावर, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पलीकडे ती ओढ चालत नाही. म्हणून विहिरीच्या आत कपार खोदून, लाकडाचे ओंडके टाकून त्यावर इंजिन उतरवत. आमचंही उतरवलं होतं.

हे सांगताना लोक एक गोष्ट विसरतात. विहिरीत उतरवलेल्या इंजिनाचा धूर विहिरीतच साठतो. त्या विषारी वायूने महाराष्ट्रात आणि बाहेरही माणसं गुदमरून गेली आहेत, एकाला काढायला उतरलेला दुसराही गेला असं घडलेलं आहे. पट्ट्यात धोतर, पदर, हात सापडलेले लोकही आपल्याला माहीत असतात. तेव्हा आठवण काढायची तर सगळी काढावी.

आमच्या आईने ती काढली. मी तिला विचारलं, "आई, इंजिन विकलं तर तुला वाईट वाटेल का?" ती म्हणाली, "त्याचं कौतुक तुम्हा लेकरांना. रात्री दोनला कंदील धरून उभी राहायचे मी. अण्णा हॅंडल मारायचे आणि डिझेलचा कॅन मी वाहायचे. विका नाहीतर ठेवा, मला पुन्हा त्याच्यापुढे उभं करू नका म्हणजे झालं." घरातल्या यंत्राचा इतिहास लिहायचा तर निम्मा तरी अशा माणसांना विचारून लिहावा.

माझी नोकरी यंत्रांची आहे. खडकवासल्याहून डेहराडूनला, तिथून ईएमईत, आणि मग देशभर. पोस्टिंगवर जिथे जिथे गेलो तिथे या जातीची इंजिनं भेटली, आणि प्रत्येक ठिकाणी ती काहीतरी करताना भेटली.

पंजाबात सीमेजवळच्या गावांत 'पीटर रेहडा' दिसायचा. पाणी उपसायचं इंजिन फळ्यांच्या सांगाड्यावर बसवायचं, जुन्या जीपची चाकं आणि स्टिअरिंग लावायचं, आणि त्यावरून चारा, विटा, कधी सगळं वऱ्हाड न्यायचं. कायद्यात न बसणारं आणि ब्रेकच्या बाबतीत भीतिदायक वाहन, त्याची शिफारस मी करणार नाही. पण तिथल्या शेतकऱ्याला इंजिन ही शेतीतली एक ताकद वाटते : सकाळी पाण्याला, दुपारी गाडीला, संध्याकाळी कडबा कापायला.

आसामात ब्रह्मपुत्रेवर 'भुटभुटी' भेटली. लाकडी नाव आणि तिच्या पोटात एका सिलेंडरचं डिझेल इंजिन. नाव आवाजावरूनच पडलेलं. चरांवर, म्हणजे नदीतल्या बेटांवर, राहणाऱ्यांसाठी शाळा, बाजार, दवाखाना सगळं त्या इंजिनाच्या भरवशावर. ते जुनं आहे म्हणून कोणी त्याला पुसत नाही आणि जुनं आहे म्हणून कोणी टाकतही नाही. चालतं आहे तोवर ते कामाचं.

लडाखमध्ये हिवाळ्यात जनरेटरशी रोज सकाळी झटापट. डिझेल गोठून दाट होतं, तेल घट्ट होतं, हवा विरळ असल्याने ताकदही कमी मिळते. उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं हिवाळी डिझेल इंडियन ऑईलने लडाखसाठी २०१९ मध्ये आणलं, त्यानंतर एक काळजी तरी कमी झाली. तिथे आमचा हवालदार मेकॅनिक इंजिनाला आधी ऊब द्यायचा, मग चालू करायचा. त्याचं एक वाक्य माझ्या कायम लक्षात राहिलं : "साब, मशीन को याद नहीं चाहिए, हाथ चाहिए." त्याने ते काही तत्त्वज्ञान म्हणून सांगितलं नव्हतं. एक जनरेटर महिनाभर बंद ठेवून नंतर चालू होत नव्हता, त्यावर तो वैतागून बोलला होता.

फौजेत या प्रश्नासाठी ठरलेली पद्धत आहे. यंत्र नादुरुस्त झालं की तपासणी होते. युनिटच्या पातळीवर होत नसेल तर ते 'बीएलआर', म्हणजे स्थानिक दुरुस्तीच्या पलीकडचं, आणि वरच्या वर्कशॉपला जातं. दुरुस्तीचा खर्च परवडत नसेल तर ते 'बीईआर', आर्थिकदृष्ट्या दुरुस्तीच्या पलीकडचं, आणि मग निर्लेखन, लिलाव. ज्या गाडीने खिंडीत माणसं वाचवली तीही याच वाटेने जाते. त्या कागदावर भावनेचा रकाना नाही. तरुणपणी हे अनेकांना कठोर वाटतं. मला ते योग्यच वाटतं, कारण एका मेलेल्या यंत्राला जपण्यात जेवढे सुटे भाग आणि हात अडकतात, तेवढ्यात दोन जिवंत यंत्रं चालू राहतात.

ज्या वस्तूंवर साऱ्या देशाचा जीव होता त्यांचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात ज्या 'विक्रांत'वरून सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले, ती नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून ती राहिली. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने तेही बंद झालं. ती वाचवा म्हणून सगळेच म्हणत होते. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. पण दरवर्षी लागणारा पैसा कायमचा कोणी द्यायचा, याचं उत्तर निघालं नाही. २०१४ मध्ये ती लिलावात गेली आणि दारुखान्यात तोडली गेली. 'विराट'ही २०२० मध्ये अलंगला गेली.

याउलट 'कुरसुरा' पाणबुडी. २००१ मध्ये निवृत्त झाली, २००२ मध्ये विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उघडली, आणि आजही लोक रांग लावून आत जातात. विक्रांतपेक्षा तिच्यावर लोकांचं प्रेम जास्त होतं असं नाही. आकार लहान, जागा जमिनीवरची, रोजचं तिकीट, आणि आत माहिती द्यायला नौदलातलेच निवृत्त लोक. म्हणजे पैसा आणि हात, दोन्ही रोजच्या रोज. रेल्वेची 'फेअरी क्वीन' घ्या. १८५५ चं वाफेचं इंजिन, कित्येक दशकं नुसतं ठेवलेलं. १९९७ मध्ये ते पुन्हा रुळांवर आलं आणि दिल्ली-अलवर प्रवासी घेऊन धावलं, कारण ते चालवण्यासाठी वर्कशॉप, माणसं आणि खर्चाचा हिशेब रेल्वेकडे होता.

अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय ज्यांनी पाहिलं आहे ते म्हणतील, तिथले रणगाडे कुठे चालतात? बरोबर. पण संग्रहालयात एक रणगाडा दुसऱ्याशेजारी उभा असतो. कोणत्या देशाने चिलखत कुठे जाड केलं, तोफ कशी बदलली, हे शेजारी शेजारी पाहून कळतं. तिथे न चालणारी वस्तूही शिकवण्याचं काम करते. हॉटेलच्या दारातलं रंगवलेलं इंजिन काय शिकवणार? त्याच्या चाकात दिव्यांची माळ घालतील, पोरं त्यावर बसून फोटो काढतील, आणि पावसाचं पाणी एक्झॉस्टमधून सिलेंडरमध्ये जाऊन दोन वर्षांत ते आतून कायमचं संपेल. बाहेरून मात्र चकचकीत. त्यात हॉटेलवाल्याचं काही चुकत नाही, त्याला शोभाच हवी आहे. पण मग "आम्ही आजोबांची आठवण जपली" असं आपण म्हणू नये.

होळीच्या रजेत दोन दुपारी मी आणि भाऊ त्या खोपीत बसलो. ज्यांच्याकडे असं काही पडून आहे त्यांच्या उपयोगाचं म्हणून काय पाहिलं ते सांगतो.

सर्वांत आधी, चालू करायचा प्रयत्न करायचा नाही. अकरा वर्षं बंद असलेल्या इंजिनाची धोक्याची जागा म्हणजे डिझेल पंप. त्याचा दांडा पूर्ण डिझेलच्या बाजूला अडकून बसला असेल तर गव्हर्नर काही करू शकत नाही, इंजिन सुटतं, आणि एवढ्या जड चाकांनी वेग घेतला की जवळ उभं राहणं जिवावर बेततं. म्हणून दांडा हाताने मोकळा सरकतो ना हे आधी. पहिल्यांदा चालू करताना डिझेल तोडायची आणि हवेची वाट बंद करायची तयारी हवी, आणि चाकाच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. हॅंडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, उलटा झटका बसला तर मनगट वाचतं. आमच्या इंजिनाचा दांडा अडकलेलाच होता.

मग चाक. ते अर्धा फेरा जाऊन अडत होतं. अशा वेळी पहार लावून जोर करायचा नाही आणि पिस्टनवर घणही घालायचा नाही. नोझल काढून त्या भोकातून डिझेल आणि तेलाचं मिश्रण आत सोडायचं आणि वाट पाहायची, चार दिवस लागले तर चार दिवस. आमचं दुसऱ्या दिवशी सुटलं. खालचं तेल काढून पाहिलं, त्यात पाणी नव्हतं. पाण्याच्या जॅकेटला तडा नव्हता. क्रॅंक स्वच्छ होती. लायनरला वरच्या बाजूला गंजाची रेघ होती, म्हणजे लायनर-पिस्टन बदलायचा. पंप उघडून साफ करायचा, नोझल नवा, बेअरिंगांचं ठरवायचं पुढे. तालुक्याच्या मिस्त्रीने खर्चाचा अंदाज दिला तो भंगारवाल्याच्या आकड्याच्या साधारण दीडपट निघाला.

म्हणजे यंत्र दुरुस्त होण्यासारखं आहे. फौजेच्या भाषेत ते बीईआर नाही. अनेक जण इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, होतंय ना, मग करूया. पण दुरुस्त होतंय का, हा एकच प्रश्न नसतो. दुरुस्त झाल्यावर ते करणार काय, आणि त्याच्याकडे पाहणार कोण, हे आणखी दोन आहेत.

आमच्या विहिरीवर त्याला काम नाही. दिवसा सौर पंप चालेल. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्के भरावे लागतात, बाकी अनुदान. त्यापुढे तासाला लिटर-दीड लिटर डिझेल पिणाऱ्या इंजिनाने पाणी काढायला कोण सांगेल? आणि हात? माझे हात देशाच्या दुसऱ्या टोकाला आहेत. निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत. महिन्यातून एकदा चाक फिरवणं, सहा महिन्यांनी चालवणं, पाणी काढून ठेवणं, हे सगळं भावाच्या डोक्यावर येणार. त्याला आधीच ऊस, दोन म्हशी, पोरांच्या शाळा, आईची औषधं आणि सोसायटीचं कर्ज आहे. मी दुरुस्तीचा सगळा खर्च दिला तरी रोजची वेठ त्याचीच. आठवण माझी आणि वेठ त्याची, हा व्यवहार मला मान्य नाही.

आपल्यातले काही जण म्हणतील, पैशात मोजता येत नाही अशाही गोष्टी असतात. असतातच. आम्ही ज्या पेशात आहोत तिथे तर त्या रोज दिसतात. पण ज्या गोष्टीची किंमत पैशात होत नाही तिची किंमत वेळेत, श्रमात होते, आणि ती कोणी तरी मोजतच असतं. रेजिमेंटचा इतिहास जपला जातो तो क्वार्टर गार्डमधली चांदी दर आठवड्याला कोणी तरी पुसतं म्हणून. ते काम ज्याच्या नावावर लिहिलेलं असतं तो ते करतो. घरातही तसंच नाव लिहावं लागतं. नाव लिहायला कोणी तयार नसेल तर त्या वस्तूवर आपला जितका वाटतो तितका जीव नाही, हे शांतपणे मान्य करावं. त्यात पाप काही नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. असं प्रत्येकाने हिशेब करून विकलं तर पुढच्या पिढीला ही यंत्रं दिसणार कुठे? इंग्लंडात लोक अशी इंजिनं चालू स्थितीत ठेवतात, उन्हाळ्यात मेळाव्यांना घेऊन जातात, मैदानात रांगेने चालवून दाखवतात. तिथे ते शक्य होतं कारण सुटे भाग, क्लब, मेळावे आणि मोकळा वेळ असलेले निवृत्त लोक आहेत. आपल्याकडे निदान एक जागा तयार आहे : औद्योगिक प्रशिक्षण संस्था. तिथे 'मेकॅनिक डिझेल' हा अभ्यासक्रम आहे. संगणकावर चालणारी नवी इंजिनं शिकणाऱ्या पोराला एकदा हे इंजिन उघडायला द्या. एका दुपारी त्याला झडपा, इंधनाची वेळ, गव्हर्नर हे सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं, कारण यात झाकलेलं जवळजवळ काही नाही. ज्या निवृत्त ईएमई मंडळींना गावी वेळ आहे त्यांनी आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन असं एखादं इंजिन बसवून द्यावं आणि आठवड्यातून एक तास शिकवावं, असं मला मनापासून वाटतं. जपणूक म्हणायची तर ती ही.

आमच्या तालुक्यात सध्या तरी ते हात मी देऊ शकत नाही. म्हणून माझा कौल गुऱ्हाळवाल्याला आहे. त्याच्याकडे काम आहे, हंगाम आहे, आणि चरकापुढे रोज उभा राहणारा माणूस आहे. मिस्त्रीचा खर्च तो स्वतः करणार. आईला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चालेल तिथे जाऊ दे."

राहिला प्रश्न पैशांचा. हॉटेलवाला जास्त देत होता. शेत भावाचं, राबणं भावाचं, त्यामुळे जास्तीचे पैसे हा त्याचा हक्क आहे. इंजिन चालणाऱ्याकडेच जावं ही हौस माझी. म्हणून दोन किमतींतला फरक मी भावाच्या खात्यावर पाठवला. तो आधी नको म्हणाला. मी त्याला सांगितलं, "हे उपकार नाहीत रे, बिल आहे. भावना माझी होती ना?" ज्याची भावना त्याने तिची किंमत भरावी, हा नियम घराघरांत पाळला तर जमिनी, वाडे, भांडी, झाडं यांवरून होणारी निम्मी भांडणं मिटतील असं मला वाटतं. पितळी पाटी मी मागितलेली नाही. ती इंजिनावरच राहू दे, गुऱ्हाळवाल्याच्या पोरालाही कळू दे ते कुठून आलं.

आपल्यापैकी ज्यांच्या खोपीत असं इंजिन पडलं आहे त्यांनी ठेवायचं की विकायचं ते सावकाश ठरवावं, घाई नाही. पण पावसाळ्याआधी तीन गोष्टी करून ठेवा. नोझल काढून सिलेंडरमध्ये वाटीभर तेल सोडा आणि नोझल परत बसवा. टाकीतलं आणि जॅकेटमधलं पाणी काढून टाका. एक्झॉस्टच्या नळीवर पत्र्याचा डबा उपडा घाला. आणि घरात जो कोणी "विकायचं नाही" असं म्हणतो आहे त्याला महिन्यातून एकदा चाक फिरवायला बोलवा. तो किती वेळा येतो ते पाहून पुढचं ठरवता येईल.